सिस्टरच्या वेबसाइटचा तुलनात्मक तक्ता

सभेत जो प्रश्न विचारतो त्याच्याच गळ्यात काम पडतं, हे कोटेशनकाकांना नोकरीच्या पहिल्या महिन्यातच कळलं होतं, आणि पुढच्या एकतीस वर्षांत त्यांनी सभेत एकही प्रश्न विचारला नव्हता. पण निवृत्तीनंतर माणूस गाफील होतो. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, दुपारी एक ते तीन पेशंट नसतात त्या वेळात, बाकांवर बसून सहा जणांची सभा चालली होती. समोरच्या भिंतीवर हिरड्यांचा उभा छेद दाखवणारं रंगीत चित्र होतं आणि सगळे त्याच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते. डॉक्टर म्हणाले, "वेबसाइट काय, दोन दिवसांचं काम. एखादी सीएमएस घ्यायची, मजकूर टाकायचा, पैसे द्यायचं बटण लावायचं. झालं."

"कुठली?" काकांनी विचारलं.

पाचही चेहरे त्यांच्याकडे वळले, आणि त्यांतला एक चेहरा त्यांच्या बायकोचा होता.

"तुम्हीच बघा ना, काका," डॉक्टर म्हणाले.

सीएमएस म्हणजे काय, हे डॉक्टरांनीच मग समजावून सांगितलं. वेबसाइट म्हणजे दुकानाची दर्शनी बाजू आणि सीएमएस म्हणजे मागचं गोदाम, जिथून प्रोग्रॅमिंगचं अक्षर न येणाऱ्या माणसालाही मजकूर, फोटो, बातमी पुढे मांडता येते. असली गोदामं बाजारात तयार मिळतात आणि शेकड्यांनी मिळतात. 'शेकड्यांनी' हा शब्द ऐकून काकांचे डोळे चमकले. ती चमक बायकोने पाहिली आणि एक दीर्घ श्वास सोडला.

बायको म्हणजे सिस्टर. वॉर्डातल्या सरकारी दवाखान्यात सव्वीस वर्षं नर्स होत्या. निम्म्या वॉर्डाला त्यांनी इंजेक्शनं दिली होती आणि उरलेल्या निम्म्याला इंजेक्शन घेताना रडू नये म्हणून दम दिला होता. आता तो दवाखाना उचलून दोन बस बदलाव्या लागतील इतक्या लांब न्यायचं घाटत होतं. चार वेळा निवडून आलेले विद्यमान सदस्य याला 'स्थलांतर' म्हणत. सिस्टर त्याला 'बंद करणं' म्हणत. येत्या निवडणुकीत त्यांच्यासमोर कोणीतरी उभं राहायला हवं असं सगळ्यांचं मत पडलं, आणि सव्वीस वर्षं उभं राहूनच काम केलेली बाई डोळ्यासमोर होती.

सिस्टरनी मात्र अट घातली होती. "पैसे किती जमले हे मला सांगू नका. माणसं किती ते सांगा. तीनशे वेगवेगळ्या माणसांनी स्वतःच्या खिशातून काहीतरी द्यायला हवं, अगदी एका चहाचे पैसे चालतील. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवसापर्यंत तीनशे झाले तर मी उभी राहते. दोनशे नव्याण्णव झाले तर घरी बसते."

सिस्टर थर्मामीटर बघून ताप सांगत, कपाळाला हात लावून नाही. तेव्हा ही अट शब्दशः पाळली जाणार याबद्दल कोणालाच शंका नव्हती. शेवटचा दिवस सव्वीस दिवसांवर होता, दुपारी बारा वाजेपर्यंत.

काकांना 'कोटेशनकाका' हे टोपणनाव पडलं होतं ते पाणीपुरवठा कार्यालयाच्या खरेदी विभागात. तीन कोटेशनं आल्याशिवाय त्यांनी कधी टाचणीही घेतली नव्हती. कार्यालयाचं भिंतीवरचं घड्याळ निवडायला त्यांना चौदा महिने लागले होते. त्या चौदा महिन्यांत लोक एकमेकांना वेळ विचारून कामं करत, पण आल्यापासून ते घड्याळ एका मिनिटानेही मागे पडलेलं नाही, हे काका आजही कोणाला तरी सांगत. निवृत्तीनंतर मात्र त्यांना निवडायला काही उरलं नव्हतं. भाजीसुद्धा सिस्टर परस्पर आणत. बाजारात पाठवलं तर ते तिसऱ्या गाडीवाल्याकडचा भाव विचारून पहिल्याकडे परत येईपर्यंत पहिला घरी गेलेला असायचा.

त्यामुळे त्या दुपारी ते घरी परतले ते दहा वर्षांनी लहान होऊन. माळ्यावरून त्यांनी जुन्या कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा काढला. फॉर्मवर ठळक छापलेलं होतं: तुलनात्मक तक्ता. अठ्ठावीस रकाने.

"यात 'गंजतो का' असा रकाना आहे," सिस्टर खांद्यावरून वाचत म्हणाल्या.

"तो ऑफिसला लोखंडी शिड्या घेतल्या त्या वेळचा आहे."

"मग खोडा."

"छापील रकाना खोडता येत नाही."

पुढचे आठ दिवस काकांनी अभ्यास केला. पोरासारखा केला. प्रत्येक सीएमएसच्या प्रत्येक मेनूत ते शिरत, प्रत्येक बटण दाबून बघत, आणि काय झालं ते पेन्सिलीने लिहून ठेवत. एका ठिकाणी वेबसाइट उजवीकडून डावीकडे वाचायची सोय होती. दुसरीकडे फक्त पानाच्या तळाशी येणाऱ्या रेघेचे चोवीस प्रकार होते. "अगं, हे बघ, ठिपक्यांची रेघसुद्धा आहे!" ते ओरडून सांगत, आणि सिस्टर दुसऱ्या खोलीतून म्हणत, "दवाखाना वाचेल ना तिने?"

शेजाऱ्यांना सुगावा लागायला वेळ लागला नाही. शेजाऱ्यांच्या सल्ल्याचं एक असतं की तो मागितला नाही तर घरपोच येतो.

पहिले आले वरच्या मजल्यावरचे प्राध्यापक. हे पदार्थविज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक समितीतही होते. त्यांचं म्हणणं असं की फुकट मिळणारी, कोणालाही आतून बदलता येईल अशीच सीएमएस घ्यावी. "भाड्याने घेतलेल्या जागेत तुम्ही खिळा ठोकू शकत नाही, काका. इथे भिंतच तुमची." ही फुकटची सीएमएस सुट्या भागांच्या पेटीसारखी होती. फोटो लावायचा भाग वेगळा, पैसे घ्यायचा वेगळा, आणि एक नवा भाग बसवला की आधीचा एक निखळायचा. प्राध्यापकांना हे फार आवडलं. 'गंजतो का' या रकान्यावर त्यांनी दहा मिनिटं गंभीरपणे विचार केला आणि म्हणाले, "तत्त्वतः, हो." काकांनी त्यापुढे लिहिलं: तपासावे.

दुसरे समोरच्या घरातले विमा एजंट, तेही समितीतलेच. त्यांच्या मते माणूस आधी दुकान बघतो आणि मग माल. महिन्याच्या भाड्यावर मिळणारी एक देखणी सीएमएस त्यांनी सुचवली. तिच्यात सगळं आयतं होतं, चौकोन उचलून इकडचा तिकडे ठेवला की पान तयार. फोटोही तयार होते: पांढऱ्याशुभ्र दातांची माणसं लॅपटॉपकडे बघून हसताहेत. "काका, बघा, प्रसन्न वाटतं की नाही? लोक प्रसन्न झाले की खिशात हात घालतात."

तिसरं कोटेशन आणलं सिस्टरच्या धाकट्या बहिणीने. ही मेहुणी एका शाळेच्या ऑफिसात बसे आणि दिवसाला शंभर फॉर्म भरून घेई. तिने शोधलेली सीएमएस खास निवडणुकांच्या छोट्या वर्गणीसाठी कोणीतरी बनवलेली होती आणि दिसायला अगदी फॉर्मसारखीच होती. नाव, मजकूर, एक फोटो, एक बटण. दर देणगीमागे थोडं कमिशन कापायची.

"भावोजी, मला तर बाई हीच जमली. बाकीच्या दोन्हींत मला आतच जाता आलं नाही."

"आत जाता येणं हा निकष आपल्या तक्त्यात नाही," काका म्हणाले.

समितीतल्या सहाव्या होत्या झेरॉक्सवाल्या बाई. त्यांनी सल्ला दिला नाही. त्या फक्त येताजाता विचारत, "झालं का हो?" आणि हा प्रश्न इतर तिघांच्या सल्ल्यांपेक्षा काकांना जास्त लागे.

तीन कोटेशनं आली म्हणजे खरेदी विभागाच्या पद्धतीप्रमाणे पुढची पायरी प्रत्यक्ष चाचणी. तिन्ही सीएमएस चौदा दिवस वापरून बघायला मिळत होत्या. चाचणी खऱ्या परिस्थितीत व्हावी हा काकांचा कटाक्ष. शिड्यांच्या वेळी त्यांनी कार्यालयातल्या सर्वांत जाड शिपायाला प्रत्येक शिडीवर तीनदा चढवलं होतं. म्हणून त्यांनी तिन्ही ठिकाणी सिस्टरची पूर्ण वेबसाइट उभारायचं ठरवलं. तिन्हींवर एकाच माणसाचा मजकूर टाकला तर तुलना दूषित होईल, म्हणून ज्याने जी सुचवली त्यालाच तिचा मजकूर लिहायला सांगितला.

प्राध्यापकांनी अकरा पानं लिहिली. त्यांत दवाखाना सातव्या पानावर आला. विमा एजंटांनी लिहिलं, "उद्या कोणी पाहिलाय? पण उद्याची सोय आजच करता येते," आणि सिस्टरच्या फोटोच्या जागी लॅपटॉपवाली अनोळखी हसरी बाई तशीच राहू दिली. मेहुणीने सहा ओळी लिहिल्या. मोठी बहीण कशी आहे, लहानपणी हिने आपला गुडघा फुटला तेव्हा आधी जखम धुतली आणि मग कानफटात कशी मारली, आणि दवाखाना लांब गेला तर रात्रपाळी करून येणाऱ्या बायकांनी पोरांना घेऊन दोन बस कशा बदलायच्या, एवढंच.

आता पैसे द्यायचं बटण. इथे काकांना त्यांच्या आयुष्यातला सर्वांत सुंदर पेच भेटला.

बटणाला बँकेचं खातं लागतं. बँक म्हणाली, समितीच्या नोंदणीचा दाखला आणा. नोंदणी कार्यालयातल्या चार नंबरच्या खिडकीतल्या बाई म्हणाल्या, अर्जातला नववा रकाना कोरा आहे, वेबसाइटचा पत्ता लिहा. काकांनी नम्रपणे दाखवलं की नवव्या रकान्यात 'असल्यास' असं छापलेलं आहे. बाई म्हणाल्या, "असल्यास लिहायचा आहे. नसल्यास आधी तयार करायची आहे." आणि वेबसाइट तर खात्याशिवाय पूर्ण होत नव्हती. दुसरा कोणी असता तर खिडकीवर डोकं आपटलं असतं. काका क्षणभर बाईंकडे कौतुकाने बघत राहिले. तीस वर्षं भजन करणाऱ्याला दुसऱ्या गावात खरा गवई भेटावा तसं त्यांना झालं.

चाचणीच्या वेबसाइटी तर होत्याच. पण निवड झालेली नसताना त्यांतली एक लिहिणं म्हणजे बाकीच्या दोघींवर अन्याय. काकांनी पेनाचं टोपण काढलं आणि नवव्या रकान्यात बारीक सुवाच्य अक्षरात तिन्ही पत्ते लिहिले.

बाईंनी अर्ज वाचला. चष्मा वर केला. परत वाचला.

"एका संस्थेला एक वेबसाइट."

"निवड प्रक्रिया चालू आहे."

"ते मला माहीत नाही. तीन वेबसाइटी म्हणजे तीन संस्था. तीन फॉर्म भरा."

काकांपुढे दोन मार्ग होते. दोन पत्ते खोडायचे, किंवा आणखी दोन फॉर्म भरायचे. ज्या माणसाने आयुष्यात छापील फॉर्मवर खाडाखोड केली नाही त्याने काय केलं असेल हे सांगायला नको. चार दिवसांनी तीन दाखले आले: सिस्टर समर्थक समिती (१), सिस्टर समर्थक समिती (२) आणि सिस्टर समर्थक समिती (३). बँकेने तिन्हींची खाती उघडली. काकांना मनातून थोडं समाधानच वाटलं, कारण आता तुलना सर्व बाजूंनी निर्दोष झाली होती.

नोंदणी कार्यालय नव्या नोंदण्यांची यादी बाहेरच्या फळ्यावर लावतं, हे काकांना माहीत होतं. संध्याकाळच्या पेपरचा बातमीदार तो फळा रोज वाचतो, हे माहीत नव्हतं.

"अर्ज भरण्याआधीच सिस्टरच्या गटात तीन गट!" दुसऱ्या दिवशी चौकटीत मथळा होता. खाली विद्यमान सदस्यांची प्रतिक्रिया: ज्यांचं एका वेबसाइटवर एकमत होत नाही ते वॉर्ड काय सांभाळणार?

डॉक्टरांनी तातडीची सभा बोलावली. तातडीची म्हणजे एक पेशंट तोंडात कापूस धरून आतल्या खुर्चीत तसाच बसला होता.

"काका, हे काय करून बसलात?"

"चाचणी चालू आहे. अजून पाच दिवस."

"अहो, लोक हसताहेत!"

"हसू देत," काका म्हणाले. एकतीस वर्षांत त्यांच्या कामाबद्दल पेपरात कधी काही आलं नव्हतं. घड्याळाबद्दलसुद्धा नाही. पहिल्यांदा आलं तेही हे. त्यांनी खिशातून आधीच लिहून आणलेला राजीनामा काढला. सिस्टरनी तो घेतला, वाचला, चार घड्या घातल्या आणि डगमगणाऱ्या बाकाच्या पायाखाली सारला.

"आधी सांगा, माणसं किती झाली?"

काकांनी फोनवर तिन्ही वेबसाइटींची आकडेवारी उघडली. काल संध्याकाळपर्यंत तिन्ही मिळून एकतीस माणसं होती, त्यांतली बरीचशी या खोलीतल्या लोकांच्या घरची. आता त्यांनी चष्मा पुसला.

"एकशे चार."

"काय?"

"एकशे पाच."

झालं होतं असं. दवाखान्याची बातमी आली असती तर ती कोणी वाचली नसती. भांडणाची बातमी मात्र शेवटपर्यंत वाचली जाते, आणि भांडण कशावरून आहे हे शोधायला तर माणूस वाट वाकडी करतो. लोक पहिल्या वेबसाइटवर जात, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, आणि फरक शोधत. तिथे फरक तर भरपूर होता. बसथांब्यावर, लिफ्टमध्ये, केस कापायच्या दुकानात एकच विषय. "तुम्ही कुठले? एकचे की तीनचे?" प्राध्यापकांचे माजी विद्यार्थी एकच्या बाजूने उतरले, कारण अकरा पानं वाचून काढलेला माणूस नंतर मागे हटत नाही. विमा एजंटांनी आपल्या सगळ्या पॉलिसीधारकांना फोन केले. ती लॅपटॉपवाली बाई कोण, याबद्दल तीन वेगवेगळे प्रवाद होते, आणि एक गृहस्थ तिला प्रत्यक्ष भेटल्याचं सांगत होते. मेहुणीच्या वेबसाइटबद्दल कोणी फारसं बोलत नसे, पण ती वाचून झाल्यावर लोक आपापल्या बहिणीला फोन लावत.

चिडायच्या ऐवजी काका आता रंगून गेले. वेबसाइटी सांगत होत्या की कोण किती वेळ थांबलं, कुठून आलं, कुठे कंटाळून निघून गेलं. एक माणूस तिसऱ्या वेबसाइटवर एकेचाळीस मिनिटं होता. काकांनी दिवसभर त्याचा विचार केला. इतकं काय वाचलं असेल त्याने सहा ओळींत? शेवटी कळलं, ती मेहुणीच होती. वेबसाइट उघडी ठेवून शाळेच्या ऑफिसात फॉर्म भरून घेत होती.

असा शेवटचा दिवस उजाडला. सकाळी साडेनऊला दवाखान्यात सभा. डॉक्टरांनी त्या दिवशीचे सकाळचे पेशंट पुढे ढकलले होते, दोघे सोडून, ज्यांची भूल आधीच चढली होती. विमा एजंट आले ते हात चोळत.

"चारशे बारा! एकवर एकशे अठरा, दोनवर एकशे त्रेसष्ट, तीनवर एकशे एकतीस. सिस्टर, नवी साडी काढा!"

"चारशे बारा ह्या नोंदी आहेत," काका म्हणाले. "माणसं नव्हेत."

विमा एजंटांचे हात चोळायचे थांबले.

काकांनी पहाटेपासून बसून नावं आणि फोन नंबर जुळवले होते. कित्येकांनी दोन ठिकाणी दिले होते. काहींनी तिन्ही ठिकाणी. दोन गल्ल्या पलीकडच्या एका आजींनी तिन्ही वेबसाइटींवर सारखेच पैसे देऊन तिन्हीकडे लिहिलं होतं, आपसांत भांडू नका रे. अट तीनशे वेगवेगळ्या माणसांची होती.

"दोनशे एकोणनव्वद," काका म्हणाले. हा आकडा बोलताना ते बायकोकडे बघू शकले नाहीत. गेले सव्वीस दिवस संध्याकाळी ती सरकारी दवाखान्याच्या फाटकापर्यंत फिरायला जाऊन येत होती आणि आल्यावर काही बोलत नव्हती, हे फक्त त्यांनाच माहीत होतं.

"अहो, पण हे जुळवाजुळवीचं कोणाला माहीत आहे?" विमा एजंट हळू आवाजात म्हणाले. "चारशे बारा म्हणून सांगू. कोण बघणार आहे?"

"मी बघितलंय ना," काका म्हणाले.

सिस्टर उठल्या आणि पर्स खांद्याला लावली. "चला, मग ठरलं. मी घरी जाते. वरण लावायचंय."

"थांबा," झेरॉक्सवाल्या बाई म्हणाल्या. तीन आठवड्यांत त्यांनी 'झालं का' सोडून पहिल्यांदाच काही म्हटलं होतं. "काका, तुमच्या यादीत माझं नाव आहे का हो?"

काकांनी यादी वरून खाली बघितली. नव्हतं.

"नसणारच. मी म्हटलं, फायनल वेबसाइट ठरली की देऊ."

डॉक्टर खाकरले. "तसं... मीही. घरच्यांनी दिले माझ्या."

प्राध्यापक छताकडे बघत होते. विमा एजंटांनी एकशे त्रेसष्ट जणांना द्यायला लावले होते आणि स्वतः दिले नव्हते. मेहुणी म्हणाली, "मी तर घरचीच ना, ताईला काय द्यायचे? आणि कुठल्या वेबसाइटवर द्यायचे हे भावोजी सांगतील असं वाटलं."

सव्वीस दिवस वेबसाइटवरून भांडलेल्या समितीतल्या एकाही माणसाने त्यांतल्या एकाही वेबसाइटवर दमडी ठेवली नव्हती. पाच फोन एकदम बाहेर निघाले. दोनशे चौऱ्याण्णव.

"अजून सहा," डॉक्टर म्हणाले आणि आतल्या खोलीकडे वळले. "दोन तर इथेच आहेत, खुर्चीत."

"भूल दिलेल्या माणसाचा होकार मी धरत नाही," सिस्टर म्हणाल्या.

घड्याळात दहा पन्नास झाले होते. काका उठले, चपला घातल्या आणि जिना उतरून रस्त्यावर आले.

बसथांब्यावर नऊ-दहा माणसं होती. काकांनी आयुष्यात अनोळखी माणसाला वेळसुद्धा विचारली नव्हती. त्यांनी घसा साफ केला आणि एका बाईंना दवाखान्याचं सगळं सांगितलं, जसं सुचेल तसं, रकान्यांशिवाय. बाईंच्या हातात भाजीची पिशवी आणि काच तडकलेला जुना फोन होता.

"ते कळलं हो. पण देऊ कुठे? तीन आहेत ना त्या?"

"तुलना चालू..." एवढं बोलून काका थांबले. वळणावर बस दिसत होती. "आपण बघू या," ते म्हणाले.

पहिली वेबसाइट बाईंच्या फोनवर उघडली आणि लगेच मिटली. दुसरीवर एक गोल चक्र फिरत राहिलं, फिरतच राहिलं, मागे ती हसरी बाई अर्धी दिसून अडकली. बस थांब्याला लागली. तिसरी उघडली. बाईंनी सहा ओळी वाचल्या, ओठ हलवत. बसचं दार उघडलं. त्यांनी कंडक्टरला हाताने 'थांबा' केलं, बटण दाबलं, आणि चढता चढता म्हणाल्या, "कानफटात मारली ते बरं केलं."

काका तिथेच उभे राहिले. अठ्ठावीस रकाने होते तक्त्यात. पुरवठादाराचा पूर्ण पत्ता होता, वजन होतं, गंज होता. काच तडकलेल्या फोनवर, बस यायच्या आत उघडते का, हा रकाना कुठेच नव्हता.

पुढच्या माणसाने विचारलं, "कुठल्या वेबसाइटवर?"

"तिसऱ्या," काका म्हणाले. एका शब्दात. त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. मग दुसऱ्यालाही तेच सांगितलं, आणि तिसऱ्यालाही. एकाने नकार दिला, एकाने विद्यमान सदस्य आपले चुलते असल्याचं सांगितलं, आणि एका पोस्टमनने सायकल भिंतीला टेकवून आधी सगळं वाचून घेतलं आणि मग दिले.

अकरा चाळीसला ते धापा टाकत वर आले. "आणखी पाच."

"दोनशे नव्याण्णव," प्राध्यापक म्हणाले आणि बाकावर बसले.

उमेदवारीचा अर्ज भरायची खिडकी दहा मिनिटांच्या अंतरावर होती. सिस्टर नवऱ्याकडे बघत होत्या.

"तुम्ही दिलेत?"

"मी कसा देणार?" काका म्हणाले. "खरेदी अधिकाऱ्याने कुठल्याही पुरवठादाराशी व्यवहार ठेवायचा नसतो. निवड पूर्ण होईपर्यंत."

"मग?"

"मग काय?"

"पूर्ण झाली का निवड?"

काकांनी विचार केला. तक्त्याचे सतरा रकाने अजून कोरे होते. अहवाल लिहायचा होता. प्राध्यापक दुखावणार होते, विमा एजंट तर नक्कीच. काका भिंतीवरच्या हिरड्यांकडे बघत राहिले आणि शेवटी म्हणाले, "झाली. मघाशीच झाली वाटतं."

"मग बघता काय? मी खाली रिक्षा थांबवते," सिस्टर म्हणाल्या आणि कागदांची फाइल घेऊन जिन्याकडे गेल्या. मागोमाग सगळी समिती गेली, मेहुणी सगळ्यांत शेवटी, "लवकर हं, भावोजी," म्हणत.

काकांनी तिसरी वेबसाइट उघडली. नाव लिहिलं, नंबर लिहिला, एका चहाचे पैसे. मग एक चौकोन आला, जो त्यांनी चाचणीत पाहिला नव्हता, कारण तो खरोखर पैसे देणाऱ्यालाच दिसायचा. आपण या उमेदवाराला का निवडलं? ऐच्छिक.

ऐच्छिक म्हणजे कोरा सोडला तरी चालतो. पण काकांनी आजवर एकही रकाना कोरा सोडून फॉर्म पुढे पाठवला नव्हता. ते विचार करू लागले. सव्वीस वर्षांची नोकरी. दवाखान्याचं फाटक. आलेल्या तापाला नावानिशी ओळखणारी नजर. बाकाच्या पायाखालचा राजीनामा. एवढ्याशा चौकोनात काय काय बसणार? अकरा सेहेचाळीस झाले.

"अहो!" खालून हाक आली.

त्यांनी तीन शब्द लिहिले: उमेदवार ओळखीच्या आहेत. आणि परत वाचून न बघता बटण दाबलं.